इनासिओचं गवत

१

"हा माझा नवरा नाही," गार्बिन्ये म्हणाली.

मंगळवारची दुपार होती. खिडकीतल्या लाकडी पेटीकडे ती बोट दाखवत उभी होती आणि दुसऱ्या हातात पाण्याचा लाल जग होता. पेटीत गवत होतं. हिरवंगार, दाट, नुकतंच न्हाव्याकडून उठून आल्यासारखं. कुणाही शहाण्या माणसाला आवडावं असं गवत होतं ते, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. इनासिओचं गवत कधीच इतकं देखणं नव्हतं.

आमच्या फुटबॉल संघाचं जुनं मैदान पाडायचं ठरलं, तेव्हा शेवटच्या सामन्याला जो तो काहीतरी उचलून घरी घेऊन गेला. कुणी खुर्चीची पाठ नेली, कुणी नंबराची पट्टी. इनासिओ लेझेताने चीज कापायच्या चाकूने कोपऱ्यातल्या निशाणाजवळचं गवत मातीसकट कापलं आणि कोटाखाली लपवून आणलं. आमच्या मंडळाच्या खिडकीत, वाण्याकडच्या खोक्याएवढ्या पेटीत, ते रुजलं. पुढे इनासिओ गेला. त्याच्या सांगण्याप्रमाणे बहुतेक राख समुद्रात गेली आणि मूठभर या पेटीत. नव्या मैदानात त्याचा जीव रमला नसता, असं तो स्वतःच म्हणायचा. तेव्हापासून त्याची बायको दर मंगळवारी येते, गवताला पाणी घालते, बोटांनी ते विंचरते आणि कुणाशी न बोलता थोडा वेळ उभी राहते.

"क्लोव्हर कुठे गेलं?" तिने विचारलं. "उजव्या अंगाला त्या तीन पानांच्या क्लोव्हरचा पुंजका होता. शेवाळ होतं. हे कुणीतरी बदललंय, इत्सियार. गवत बदललं ते बदललं, पण मातीही नवी आहे. मग माझा नवरा कुठे आहे?"

मी इत्सियार गोइरी. पोलिसातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले, आता ओलाबेआगात नदीकाठी राहते आणि आर्कुपे या खवय्यांच्या मंडळाची सभासद आहे. मंडळाची किल्ली मिळालेली पहिली बाई मीच. इथे पुरुष स्वयंपाक करतात, पुरुष वाढतात आणि बायकांनी बाहेर बसून कौतुक करायचं, अशी रीत होती. गेल्या वर्षी नियम बदलला. तरी मी चुलीपाशी गेले की दोन-चार जणांच्या घशात अजून घास अडकतो. गार्बिन्येची गोष्ट वेगळी. तिने ती रीत स्वतःहून पाळली आहे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरची काळी फरशी तिने आजवर ओलांडलेली नाही, म्हणून तिच्यासाठी पाण्याचा जग भरून त्या फरशीवर ठेवतात.

दारं शाबूत होती, कुलूप शाबूत होतं. म्हणजे ज्याने केलं त्याच्याकडे किल्ली होती. मी सगळ्यांकडे एकेक करून पाहू लागले आणि सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

गार्बिन्येने जग खाली ठेवला. "मला माहीत आहे कुणी केलं ते," ती म्हणाली. "नेकानेला सांगा, पुढच्या शनिवारी लग्न नाही."

२

नेकाने ही तिची एकुलती एक मुलगी आणि होणारा जावई बेन्यात एलोसेगी. दोष म्हणाल तर त्याच्यात एकच. तो शेजारच्या डोनोस्तिया शहराचा, त्यांच्या निळ्या-पांढऱ्या संघाचा.

माद्रिद हा आमचा शत्रू, त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. डोनोस्तियाचं तसं नाही. ते आमचे भाऊबंद, आणि भाऊबंदकी काय चीज आहे हे मी सांगायला नको. आम्ही शंभर वर्षं फक्त बास्क, म्हणजे आमच्या मुलुखातलीच, मुलं खेळवतो, आणि त्यातली निम्मी आम्ही त्यांच्या अंगणातून पळवली असं ते म्हणतात. आम्ही म्हणतो, पोरांना कळतं चांगलं काय ते. हुकूमशहा मेल्यावर पुढच्याच वर्षी आमच्या आणि त्यांच्या कप्तानांनी बंदी असलेला बास्क झेंडा दोन टोकांना धरून मैदानात आणला. तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. त्याच्या खाली बसून आम्ही त्यांना शिव्या घालतो.

येत्या रविवारी त्यांच्याशीच सामना होता, त्यामुळे डोकी आधीच तापलेली.

त्यात बेन्यातने महिन्यापूर्वी एक आगाऊपणा केला होता. जेवताना तो म्हणाला, "आमच्या मैदानातलं गवत आणून लावू का पेटीत? सासऱ्यांना मेल्यावर तरी बरा खेळ बघायला मिळेल." तेव्हा सगळे हसले होते. गार्बिन्ये तर डोळे पुसेपर्यंत हसली होती. आता विचारलं तर हसल्याचं एकालाही आठवत नव्हतं.

सर्वांत जास्त विसरले होते आमचे अध्यक्ष फेर्मिन सारासोला. निवृत्त नोटरी, बोलताना प्रत्येक वाक्यावर शिक्का मारल्यासारखे थांबतात. त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी सभा बोलावली. विषय एकच, बेन्यातला मंडळाचं दार कायमचं बंद करायचं. लग्नाची पंगत याच मंडळात व्हायची होती, आणि नवरदेवाला आत पाऊल टाकायची मनाई झाली तर पुढचं काय ते उघड होतं.

"एवढी घाई?" मी विचारलं.

"घाई नाही इन्स्पेक्टर, शिस्त आहे. त्याच्याकडे इनासिओ लेझेताची किल्ली आहे. नेकानेने दिलीय. हेतू त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलाय. अजून काय हवं?"

मी म्हटलं, हेतू तर तुमचाही आहे. ही पेटी जेवणाच्या खोलीत शोभत नाही, काचेच्या कपाटात बंद करून वर ठेवावी, यावर ते आणि गार्बिन्ये वर्षभर भांडत होते. शिवाय ते गोल्फ खेळतात. आमच्या सगळ्या मंडळात असलं गुळगुळीत गवत फक्त त्यांच्या पायांखाली असतं.

फेर्मिन लाल झाले. गेल्याच महिन्यात आपण पेटीचं माप घेतलं हे त्यांनी कबूल केलं, पण कपाटासाठी. मग विषय बदलायचा म्हणून ते बरंच काही बोलले. मंडळाला आता काही धरबंदच राहिलेला नाही. कुणीही येतं आणि काहीही नेतं. स्वयंपाकघरातलं दोन कानांचं मोठं पांढरं पातेलं गायब आहे. डर्बीचा, म्हणजे भाऊबंदांशी सामन्याचा, आठवडा असून स्वयंपाक करणाऱ्या तोमासने बुधवारी नेहमीच्या खाऱ्या माशाऐवजी चक्क घेवड्याची उसळ लावली आहे. असं कधी घडलं होतं का?

मी पेटीकडे वाकून पाहिलं. मातीच्या वर, लाकडाच्या कडेला, पांढरा पापुद्रा धरला होता. मी नखाने खरवडला.

"तो चुना," फेर्मिन म्हणाले. "कोपऱ्यातली पांढरी रेघ आली होती ना तुकड्याबरोबर."

पटण्यासारखं होतं. पटण्यासारख्या गोष्टींचा मला नोकरीत असल्यापासून राग आहे.

३

बेन्यात मला नदीकाठच्या बाकावर भेटला. धंद्याने दातांचा डॉक्टर, अंगाने बारीक, आणि त्या दिवशी तोंड असं की त्याचाच एखादा पेशंट वाटावा.

"मी दात उपटतो, गवत नाही," तो म्हणाला. "मावशी, तुम्ही तरी विश्वास ठेवा."

मी त्याला सांगितलं की माझा कुणावरच विश्वास नसतो, त्याने मनाला लावून घेऊ नये. मग विचारलं, गेल्या आठवड्यात तो मंडळात मातीने भरलेली पिशवी घेऊन आला होता, हे खरं का? दोघांनी पाहिलं होतं त्याला.

त्याने मान खाली घातली. मला वाटलं, सापडला.

"लीक होते," तो म्हणाला. लीक म्हणजे कांद्याच्या पातीची थोराड बहीण. "आईच्या मळ्यातले. लग्नाच्या पंगतीत सूप मी करणार होतो. तुमच्या मंडळात, तुमच्या चुलीवर, डोनोस्तियाच्या माणसाने. नेकानेला आधी कळू द्यायचं नव्हतं, म्हणून गेल्या मंगळवारी करून बघत होतो. मुळांना ही एवढी माती. धुवायला मोरी अडवून बसलो तर ते तोमास संतापले. त्यांना पाणी ओतायचं होतं. म्हणाले, तुमच्याकडे भाजी धुतात की पुरतात?"

"मग?"

"मग काय, मी धूतच राहिलो. त्यांनी त्यांचं पाहिलं."

मी विचारलं, तेव्हा गार्बिन्ये आली होती का? त्याला आठवत होतं. ती नेहमीसारखी आली आणि पाणी घालून गेली. तेव्हा गवत जुनंच होतं, कारण जाताना ती त्याला म्हणाली होती की या क्लोव्हरला चार पानांचं एखादं सापडलं तर शुभ म्हणून ते तुझ्या कोटाला लावू.

तो म्हणाला, आज सकाळी नेकानेने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली की आई जेवत नाही, आणि आईला तसं टाकून मी लग्नाला उभी राहू शकत नाही. ती त्याच्यावर आरोप करत नव्हती. केला असता तर भांडता तरी आलं असतं.

"त्यांना त्यांचा माणूस परत हवाय," बेन्यात म्हणाला. "तो माझ्याकडे नाही. असता तर मी चोर म्हणवून घेऊनही आणून दिला असता."

मी बरेच खोटारडे पाहिलेत. त्यांतले चांगले खोटारडे असंच बोलतात. म्हणून मी त्याची पाठ थोपटली नाही. फक्त मनात एक गोष्ट टिपली. गेल्या मंगळवारी त्या स्वयंपाकघरात दोघेच होते, आणि त्यांतल्या दुसऱ्याला अजून कुणी काही विचारलेलंच नव्हतं.

४

तोमास आर्तेचेला कोण काय विचारणार? गोदीत वेल्डर होता, इनासिओचा लहानपणापासूनचा दोस्त. दर शनिवारी कात्रीने ते गवत तोच कापतो. आमच्या मंडळात खाऱ्या बाकालाओला त्याच्यासारखा हात कुणाचा नाही. मिठात वाळवलेला तो मासा दोन दिवस पाण्यात भिजवायचा, पाणी पुन्हा पुन्हा बदलायचं, आणि मग मातीच्या भांड्यात तेलावर हलवत हलवत रस्सा दाट करायचा. तोमास भांडं हलवायला लागला की खोलीतलं बोलणं थांबतं.

आणि मुसमध्ये तो माझा जोडीदार आहे. मी नोकरीत होते तेव्हापासून.

मुस हा आमचा पत्त्यांचा खेळ. त्यात तोंडाने थाप मारायला पूर्ण मुभा आहे, किंबहुना तोच खेळ आहे. हातात कचरा असताना राजासारखं बोलायचं. पण जोडीदाराला चेहऱ्याने खुणा करायच्या असतात. खालचा ओठ चावला की दोन राजे, जिभेचं टोक दाखवलं की दोन एक्के, डोळे मिटले की हातात काही नाही. थाप कितीही मारा, खूण खोटी करायची नाही. खोटी खूण करणाऱ्याबरोबर या शहरात कुणी पत्त्याला बसत नाही. तोमासने आजवर मला एकही खोटी खूण केलेली नाही. माझ्या नवऱ्याबद्दल मी एवढं म्हणू शकले नसते.

गुरुवारी दुपारी आम्ही बसलो. समोर फेर्मिन आणि त्यांचा भाचा. डाव रंगात आला होता. फेर्मिन पत्ते लावत होते, तोमासने अजून आपले उचललेही नव्हते. मी सहज विचारावं तसं विचारलं, "तोमास, तुला काय वाटतं? बेन्यातनेच केलं ना ते?"

"त्यानेच," तोमास म्हणाला. "दुसरं कोण करणार?"

आणि त्याने डोळे मिटले.

क्षणभरच. पापणी लवली म्हणावं तर त्याहून थोडं जास्त. फेर्मिनना दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी ती खूण त्यांच्यासाठी नव्हती. तोंडाने तो मला थाप मारत होता आणि चेहरा सवयीने जोडीदाराला खरं सांगत होता. माझ्या हातात काही नाही.

तो डाव आम्ही हरलो. मला पत्ते दिसेनासे झाले होते. खोटं सांगणार नाही, मला भीती वाटली. चोर सापडायची भीती मला आयुष्यात पहिल्यांदा वाटली.

सगळे गेल्यावर मी खिडकीशी गेले. पेटीच्या कडेवरचा पांढरा पापुद्रा पुन्हा खरवडला, आणि या वेळी बोट जिभेवर ठेवलं.

चुना नव्हता तो. मीठ होतं.

५

रात्रभर विचार करावा असं त्यात काही उरलंच नव्हतं. घरी जाईपर्यंतच सगळं जुळलं.

गवतावर खारं पाणी पडलं होतं. समुद्र इथून लांब, आणि पेटी खिडकीच्या आतल्या बाजूला. मंडळात खारं पाणी एकाच गोष्टीचं असतं, बाकालाओ भिजवल्याचं, आणि सर्वांत खारं असतं पहिलं पाणी. बुधवारच्या जेवणासाठी मासा सोमवारी पाण्यात पडतो आणि मंगळवारी त्याचं पहिलं पाणी ओततात. गेल्या मंगळवारी तोमासला ते पाणी ओतायचं होतं आणि मोरीत बेन्यातचे लीक होते. मग त्याने ते हाताला लागेल त्या भांड्यांत ओतलं आणि मागच्या अंगणात नेऊन टाकायला दाराशी ठेवलं. त्या भांड्यांत लाल जग होता, आणि तो काळ्या फरशीवर होता.

पुढचं करायला कुणी चोर लागला नाही. गार्बिन्ये आली आणि तिने नेहमीचा जग उचलला.

शनिवारी तोमास कात्री घेऊन आला तेव्हा गवत जळालेलं असणार. जे गवत फक्त तोच कापायचा ते बदललेलं त्याला कसं कळलं नाही, हे कुणाला खटकलंच नव्हतं. त्यातही मला टोचत होती ती घेवड्याची उसळ. डर्बीच्या आठवड्यात तोमास बाकालाओ करत नाही? मासा भिजवायचं पातेलंच नसेल तर कसा करणार?

शुक्रवारी दुपारी मी त्याच्या घरी गेले. त्याच्या घरामागच्या उतारावर, हिरवळीत, खोक्याएवढा उघडा चौकोन होता. मी बेल वाजवली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता न्हाणीघराचं दार उघडलं.

दोन कानांचं पांढरं पातेलं तिथे होतं. त्यात भाताच्या चाळणीवर, जुन्या चादरीसारख्या विरलेल्या फडक्यात बांधलेला, एक मातीचा तुकडा पाण्यात बसवला होता. वरचं गवत पिवळं पडलेलं. बाजूला घड्याळ आणि रिकामी बादली.

"मीठ उतरवतोय," तोमास म्हणाला. "माशाचं उतरतं, तर मातीचं का नाही उतरणार? पाणी बदलतो. टाकलेलं पाणी मोरीत सोडत नाही, त्यात तो असेल थोडा. नदीत नेऊन ओततो."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. मी बादलीवर बसले.

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? जग मी ठेवला हे सांगायला मला काय झालंय? पण मग ती विचारेल, ओतला कुणी. तिच्या हाताने ओतला, इत्सियार. नवऱ्यावर तिने स्वतः ओतला. हे कळलं तर ती उरणार नाही."

"आणि बेन्यात?"

"तो तरुण आहे. सोसेल."

"त्याचं लग्न मोडतंय."

"लग्न दुसरीकडे लावता येतं."

"त्या घरात आई जेवत नाही आणि मुलगी दार उघडत नाही. कुठे लावणार, तोमास? डोनोस्तियाचा आहे म्हणून त्याला सोसायला सोपं जाईल असं वाटलं ना तुला?"

तो पातेल्यावर वाकून फडक्याची गाठ घट्ट करू लागला. तेच त्याचं उत्तर होतं, आणि ते त्यालाही पहिल्यांदाच कळलं असावं. मी उठले. म्हटलं, आज संध्याकाळी सभा आहे. तू बोलशील किंवा मी बोलेन. मी बोलले तर सगळं बोलेन.

६

सभेला खुर्च्या कमी पडल्या. बेन्यात दाराजवळ उभा होता, आत यायचं की नाही हे न ठरवता. नेकाने आईशेजारी बसली होती आणि त्याच्याकडे पाहायचं टाळत होती. फेर्मिननी ठराव वाचला. हात वर करायला सांगणार, तेवढ्यात दार ढकलून तोमास आला. त्याच्या दोन्ही हातांत ते पांढरं पातेलं होतं. ते त्याने मधल्या टेबलावर ठेवलं.

"इनासिओ इथे आहे," तो म्हणाला. "मी नेला होता. त्या पोराचा काही संबंध नाही."

मग त्याने सगळं सांगितलं. मोरीतले लीक, माशाचं पहिलं पाणी, जळालेलं गवत, घरामागून कापून आणलेला तुकडा. फक्त एक गोष्ट बदलली. "गवत कोरडं दिसलं, म्हणून जग उचलला आणि मीच ओतला. बघितलं नाही आत काय आहे ते. माझी चूक, माझ्या हाताची."

हे बोलताना त्याचे डोळे सताड उघडे होते. माझ्याकडे बघत, पापणी न लववता, तो खोटी खूण करत होता. इतक्या वर्षांतली पहिली. मी ती चालू दिली. हिशेब पुरा झाला होता. पोरगा सुटत होता, म्हातारीचं मन वाचत होतं, आणि सत्यासाठी हट्ट धरायला मी आता नोकरीत नव्हते.

फेर्मिन खाकरले आणि ठरावाचा कागद घडी करू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, बेन्यातची माफी कोण मागणार?

"तोमास," गार्बिन्ये म्हणाली, "मंगळवारी पाणी मी घालते."

"त्या दिवशी मी..."

"त्या दिवशीही मीच घातलं. जग रिकामा मीच ठेवला." ती उठली. तिचा आवाज बारीक होता, पण मागच्या रांगेपर्यंत पोहोचत होता. "पाणी घातलं की ओल्या बोटांनी मी गवत विंचरते. मग छातीवर क्रूसाची खूण करते आणि बोटांना ओठ लावते. त्या दिवशी ओठ खारट लागले. मला वाटलं, डोळ्यांतलं असेल."

तोमासने तोंड झाकून घेतलं. गोदीतला तो दांडगा माणूस, त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं आता तीही कोसळेल. नेकाने तिला धरायला पुढे झाली. पण ती टेबलापाशी गेली आणि फडकं सोडून तिने आत बोटं घातली, जसं दर मंगळवारी घालायची. बराच वेळ ती चाचपत राहिली.

"क्लोव्हर आहे," ती म्हणाली. "देठ वाकतोय, तुटत नाही. मुळं जिवंत आहेत." मग तोमासकडे वळून, अगदी रोजच्या आवाजात, "तू मला सांगायला हवं होतंस. इनासिओने आयुष्यभर तुझ्या हातचा बाकालाओ खाल्ला. थोड्या मिठाने त्याला काय होणार होतं?"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

ती दाराशी गेली, बेन्यातसमोर. वयाच्या आणि मानाच्या बाईने माफी मागायची तर शब्द शोधावे लागतात. तिने शोधले नाहीत. "मी तुला चोर म्हटलं," ती म्हणाली. "तू डोनोस्तियाचा नसतास तर म्हटलं नसतं. ही माझी लाज आहे, तुझी नाही. पुढच्या शनिवारचं सूप करशील ना?"

"लीक उरलेत थोडे," बेन्यात कसाबसा म्हणाला. "पण मोरीत नाही धुणार."

"धुवायला आता वेळ नाही. पातेलं धर. पाणी बदलायला हवं."

एका कानाला त्याने धरलं, दुसऱ्या कानाला तिने. भिंतीवरच्या दोन कप्तानांच्या फोटोखालून दोघं ते भरलेलं पातेलं सांभाळत चालले, आणि त्या फोटोकडे माझ्याखेरीज कुणाचं लक्ष गेलं नसावं. काळ्या फरशीपाशी बेन्यात थांबला. त्याला रीत माहीत होती. फेर्मिननी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मिटलं.

गार्बिन्येने फरशी ओलांडली.

आतून जुनं पाणी बादलीत निथळल्याचा आवाज आला, मग नळाचा. लाल जग तिने स्वतः भरला. त्यात बोट बुडवलं, ते ओठाला लावून पाहिलं आणि मग हळूहळू इनासिओवर पाणी ओतलं.